भागी, त्यांनी आपल्याला निर्मनुष्य ठरवले

भागी,

काल तुझ्या तेराव्याच्या पंगतीत डाळीला मीठ नव्हते आणि कोणी काही बोलले नाही. तू असतीस तर वाढणाऱ्याला तिथल्या तिथे ऐकवले असतेस. सगळे खाली मान घालून जेवले, तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळले की तू गेलीस.

आज दुपारी मी चष्मा पुसला आणि कागद घेऊन बसले. तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. "बसली परत कागद घेवन!" तुला अक्षर वाचता येत नव्हते आणि त्याचे तुला कधी वाईटही वाटले नाही. हे वाचतील ती माझी नातवंडे, तिकडे नैरोबीला. सुट्टीत आली होती तेव्हा ओहोटीला खाडीच्या चिखलात पायाच्या बोटांनी मुळे कसे शोधायचे, त्यांचा शिंपला पायाखाली लागला की टाच कशी फिरवायची, हे तू त्यांना शिकवलेस. धाकटीने गेल्या पत्रात विचारले आहे, 'मुळेवाली आजी बरी आहे का, आणि तिचे शेत तिला परत मिळाले का?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते. दुसऱ्याचे द्यायचे तर आधी तुझ्याशी बोलायला हवे, कारण त्यात एक गोष्ट अशी आहे जी मी तुला कधी सांगितली नाही.

शाळेत तीस वर्षे मी मुलींना शिकवले की पत्र लिहिताना राग बाजूला ठेवावा. आज मी तो नियम पाळणार नाही.

मी लग्न होऊन खारवाडीत आले तेव्हा तू आमच्या घरच्या खारीत कूळ म्हणून राबत होतीस. खार म्हणजे काय ते मुलांसाठी सांगते. खाडीचे खारे पाणी बांध घालून बाहेर अडवायचे आणि आतल्या जमिनीत पावसाच्या पाण्यावर भात घ्यायचे. बांध चिखलाचा. दर वर्षी शिमगा झाला की सगळ्या घरांनी मिळून त्याला माती चढवायची. बांधाच्या बाहेर, पाण्यात पाय रोवून, कांदळाचे रान. लाटेचा मार कांदळ खाते म्हणून बांध टिकतो, आणि बांध टिकतो म्हणून शेत. मुंबईच्या कॉलेजात हे मला कोणी शिकवले नव्हते. हे तू सांगितलेस, मांडीभर चिखलात उभी राहून, आणि मी वर बांधावर छत्री धरून ऐकत होते.

"खाली येवा, बाय. थयसून काय कळाचा नाय तुमका," तू म्हणालीस.

मी खाली आले नाही.

मग कुळकायदा आला. दिरांना तो अजिबात मानवला नाही, घरात महिनाभर जेवताना कोणी कोणाशी बोलत नव्हते. तुझा अर्ज मी लिहिला, तुझा अंगठा घेतला, मामलेदार कचेरीत तुझ्याबरोबर आले. चौदा गुंठे तुझ्या नावावर झाले त्या दिवसापर्यंत तू मला 'तुमी' म्हणायचीस. कचेरीच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणालीस, "चल गो बेगीन, गाडी चुकात." मी चमकून तुझ्याकडे पाहिले.

"बघतंस काय? आता तू माझी मालकीण नाय. मगे 'तुमी' कित्याक?"

गाडीत बसल्यावरही मला हसू आवरत नव्हते. त्या दिवशी माझा सरकारवर जो विश्वास बसला, तो पुढे आपल्या दोघींना फार महाग पडला. ज्या हाताने दिले तोच हात सात-आठ वर्षांत घ्यायला येईल, असे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला अडाणी म्हटले असते.

तू मात्र आधीपासूनच सावध होतीस. कांदळाचे भांडण तुला आठवत असेल. खारबांध सरकारी देखरेखीखाली गेला आणि त्यावर पाटी लागली: कांदळ तोडणे गुन्हा आहे. तुझी सून शालू बाळंतीण होती. तिला शेकायला म्हणून तू वाळक्या फांद्यांचा एक भारा आणलास. रखवालदाराने तुला भाऱ्यासकट कचेरीत नेले आणि दिवसभर जमिनीवर बसवून ठेवले. मी सोडवायला आले तर तू तिथेच सगळ्यांदेखत म्हणालीस, "माझ्या आजयेन लावलेला कांदळ ह्या. आणि हे माका शिकवतत!"

आणि मी काय केले? मी तुला कायदा समजावला. नियम सर्वांना सारखा हवा, आज तू वाळके नेलेस, उद्या दुसरा ओले नेईल. चांगला तास घेतला मी तुझा, भर रस्त्यात. तू घरापर्यंत माझ्या पुढे चालत राहिलीस. बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकात, थांबून एवढेच म्हणालीस, "बरा. कांदळ सरकारचा. मगे सरकारान ता सांभाळूक होया. मी बघतंय."

बघितलेस. मीही बघितले.

महाराष्ट्राचे नवे राज्य झाले, त्याला काही वर्षे उलटली आणि चावडीवर नोटीस लागली. विकास आराखड्यानुसार खारवाडीची खार औद्योगिक वापरासाठी राखून ठेवण्यात येत आहे. खनिज माल साठवायला जागा आणि बोटींत भरायला धक्का. हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी.

मी हरकत लिहिली. मुद्द्यांना आकडे घातले. जमीन लागवडीची आहे याचे उतारे जोडले. कांदळ तोडू नये या त्यांच्याच हुकमाची नक्कल जोडली. घरोघर फिरून अंगठे आणि सह्या घेतल्या. तू अंगठ्याला शाई लावून घेत म्हणालीस, "ह्याच्यापेक्षा सगळीजणां जावन बांधार बसलांव तर?"

"बसायची वेळ आली तर बसू," मी म्हणाले. "आधी रीतीने जाऊ."

रीतीने. हा शब्द आता मला लिहितानासुद्धा चावतो.

रीतीप्रमाणे उत्तर आले. साहेब स्वतः जागेची पाहणी करतील, हरकतदारांनी हजर राहावे, अमुक तारीख. पत्र आले त्याच सकाळी देवळात कौल झाला होता. गावपळण.

मुलांना हेही सांगायला हवे. तीन-चार वर्षांतून एकदा देव कौल देतो आणि अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. खाडीपलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या खोपी घालून तीन दिवस, तीन रात्री राहायचे. तेवढा वेळ गाव देवाचा. तिथे चूल पेटवायची नाही, केर काढायचा नाही, पाऊल टाकायचे नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा आणि देवाने परवानगी दिली की परत यायचे. माझा यावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण मला गावपळण आवडायची. एरवी ज्या घरांत एकमेकांचे पाणी चालत नाही, त्यांच्या चुली तिथे हाताच्या अंतरावर असायच्या. तू माझ्या भाकरीला नाव ठेवायचीस आणि ती खायचीस.

पाहणीची तारीख पळणीच्या दुसऱ्या दिवशी येत होती. कौल बदलता येत नाही. साहेबांची तारीख बदलता येईल असे मला वाटले. "मी लिहिते त्यांना," मी म्हणाले.

"लिही. सांग तेका, आमचो देव आमका तीन दिस भायर काढता. तेच्या घराकय देव असतलोच ना?"

भागी, ते पत्र मी तसे लिहिले नाही.

मी बसले आणि पहिले वाक्य तसेच लिहिले, की देवाच्या कौलाप्रमाणे आमचा गाव त्या तीन दिवसांत गावाबाहेर असतो. मग ते वाक्य मी त्या साहेबाच्या डोळ्यांनी वाचले. इंग्रजीतून परीक्षा दिलेली बाई सरकारला कळवते आहे की देवाने सांगितले म्हणून आम्ही कोंबड्या काखोटीला मारून निघून गेलो आहोत. मला लाज वाटली. मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. त्यावर लिहिले: 'काही अपरिहार्य स्थानिक कारणास्तव ग्रामस्थ सदर दिवशी उपस्थित राहू शकत नाहीत, तरी पाहणी पुढे ढकलावी ही विनंती.' वाक्यात एक चूक नाही. त्यात देव नाही, गाव नाही, तू नाहीस, आणि आम्ही चौथ्या दिवशी परत येणार आहोत हेही नाही.

तू विचारलेस, "लिवलंस?" मी म्हणाले, "लिहिले."

पळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू भाकऱ्या भाजत होतीस. खाडीपलीकडे, गावाच्या तांबड्या रस्त्यावर धूळ उठली. जीप होती. मी उभी राहिले.

"ते आले, भागी. त्यांनी दिवस बदलला नाही."

"येवंदेत."

"मी जाते. होडीने दहा मिनिटांत पोचेन. नुसती बांधावर उभी राहीन, घरांकडे जाणार नाही."

"बांध गावातच आसा."

"मग ते पाप माझे. तुझ्या देवाला माझे काय करायचे ते करू दे."

तू भाकरी तव्यावर टाकून आलीस आणि पिठाच्या हाताने माझे मनगट धरलेस. "तुका तो कायएक करूचो नाय. तू तेका मानतच नाय. पण उद्या कोणाचा ढोर मेला, कोणाचा पोर तापान फणफणला, तर सगळे म्हणतले, मास्तरीण वेशीत शिरली म्हणान झाला. मगे हय रवशीत कशी तू? बस खाली."

"आणि शेत गेले तर?"

"शेत खंय जाता? तेका काय पाय आसत?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही बसले. माझ्या मनगटावर तुझ्या बोटांचे पीठ तसेच होते. पलीकडे दोन माणसे उतरलेली दिसत होती, एकाच्या डोक्यावर टोप. ती देवळापाशी थांबली, दोन-तीन खळ्यांत डोकावली, बांधावर चालत गेली आणि परत आली. अर्धा तासही लागला नाही. जीप गेल्यावर तू मला भाकरी वाढलीस. ती करपली होती.

अहवालाची नक्कल मी महिन्याभराने मिळवली. 'घरे बंद आढळली. मनुष्य अथवा जनावर दृष्टीस पडले नाही. जमिनीवर पीक नाही. क्षेत्र दलदलीचे व झुडपांनी व्यापलेले आहे. हरकतदार गैरहजर. सबब क्षेत्र निर्मनुष्य व बिनलागवडीचे समजण्यास प्रत्यवाय नाही.'

मार्गशीर्षात भात कापून झालेले असते, हे त्या माणसाला ठाऊक नव्हते? प्रत्येक खळ्यात पेंढ्याच्या उडव्या होत्या. पेंढा काय आभाळातून पडतो? तुळशी हिरव्या होत्या, त्यांना पाणी कोण घालत होते? शेणाने सारवलेली अंगणे, दोऱ्यांवर विसरलेले कपडे, तुझ्या पडवीत टांगलेले नांगर-जू. डोळे असलेल्या माणसाला एवढे दिसते. पण ज्याला आधीच रंगवून ठेवलेल्या नकाशासाठी कारण हवे असते, त्याला निर्मनुष्य हा शब्द पुरतो.

मग आपण कणकवलीला गेलो, मोठ्या साहेबांचा कॅम्प होता म्हणून. साहेब तरुण होता, नम्र होता, त्याने दोघींना खुर्च्या दिल्या. माझा सर्वांत जास्त राग त्या नम्रपणावर आहे. उद्धट माणसाशी निदान भांडता येते. या वेळी मी लाज बाजूला ठेवली आणि गावपळण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, देवासकट. तो ऐकत राहिला आणि चक्क हसला. "आमच्या आजोळीही असते ही पळण," तो म्हणाला. "मी लहानपणी गेलो आहे."

मग त्याने फाइल उघडली, माझे पत्र काढले आणि वाचले. माझ्याकडे एकदा पाहिले. ते परत फाइलीत ठेवले. तू शेजारीच बसली होतीस, भागी. तो कागद तुझ्या हातभर अंतरावर होता.

त्याने नकाशा पसरला. हिरवी जागा म्हणजे शेती, पिवळी म्हणजे वस्ती, निळी म्हणजे खाडी. आपली खार जांभळी होती.

"साहेब, माझी जमीन खंय ह्यात?"

"ही इथे, आजी."

"हो रंग कसलो?"

"औद्योगिक क्षेत्र."

"आणि बांध? कांदळ?"

"तेही त्यातच आले."

"कांदळ तोडूक गुन्हा आसा. माका दिसभर बसवन ठेवल्यानी, एका भाऱ्यासाठी."

"तो नियम शेतीच्या बांधासाठी होता," साहेब समजावत म्हणाला. "आता ती शेती नाही ना. आराखड्यात क्षेत्र बदलले की तो प्रश्नच उरत नाही."

शेती नाही म्हणून कांदळाला संरक्षण नाही. कांदळ तोडले की बांध जाणार, आणि बांध गेला की शेती खरोखरच नाही. किती सोपे! मी फेरपाहणी मागितली. त्याने कायद्याचे पुस्तक माझ्यापुढे फिरवले आणि एका ओळीवर बोट ठेवले. इंग्रजी होते. मी ते तीनदा वाचले. सरकारने एकदा जाहीर केले की अमुक जमीन सार्वजनिक कामासाठी हवी आहे, की ते जाहीर करणे हाच निर्णायक पुरावा. म्हणजे सरकार म्हणते म्हणून ते खरे, आणि खरे कशावरून, तर सरकार म्हणते. ज्या भाषेसाठी मी वडिलांशी भांडून कॉलेजात गेले, त्या भाषेतले मी वाचलेले हे सर्वांत निर्लज्ज वाक्य.

मी ते तुला सांगितले. तू क्षणभर विचार केलास.

"म्हणजे कौलच."

"हो, कौलच."

"पण आमचो देव कधीतरी डाव्या अंगान फूल टाकता, गो. नको म्हणता. ह्येंचा फूल सदीच उजव्यान पडता?"

साहेब हसला, मग त्याने टेबलाकडे पाहिले. टाचणी उचलून दुसरीकडे ठेवली. त्याला उत्तर देण्याची गरज नव्हती, हेच त्या ओळीत लिहिले होते.

चैत्रात कुऱ्हाडी आल्या. कांदळ चार दिवसांत आडवे झाले. ज्या रखवालदाराने तुला भाऱ्यासाठी पकडून नेले होते, तोच देखरेखीला होता. 'कांदळ तोडणे गुन्हा आहे' ही पाटी त्याने उपटून आडवी घातली होती आणि तिच्यावर बसून तो विडी ओढत होता. तू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलीस. मला वाटले तू शिव्या देशील. तू फक्त म्हणालीस, "बरा बसाक मेळता ना?" तो उठला नाही. बगळे दिवसभर वर घिरट्या घालत होते, त्यांना उतरायला जागा नव्हती. कांदळात राहणारी पाणमांजरांची जोडी त्यानंतर कोणी पाहिली नाही.

गाड्या आत नेण्यासाठी बांध एका जागी फोडला. मग पायाभरणीचा एक दगड बसवला. पाहुणे आले, मंडप पडला, दगडापुढे नारळ फुटला. अहवालात आमच्या देवाला जागा नव्हती. नारळ मात्र त्यांना लागलाच.

त्यानंतर काही नाही. धक्का नाही, माल नाही, बोट नाही. माल दुसरीकडून जायचे ठरले म्हणे. पावसाळ्यात उधाण आले आणि फोडलेल्या जागेतून खाडी आत शिरली. तुझ्या चौदा गुंठ्यांत आणि सगळ्यांच्याच जमिनीत खारे पाणी गुडघाभर उभे राहिले. दोन आषाढ गेले, एक रोप लागलेले नाही. जमीन तापली की वर मिठाची पापडी धरते. शेती नाही म्हणून बांधाचे खाते दुरुस्ती करत नाही. धक्का नाही म्हणून धक्क्याचे खाते ढुंकून बघत नाही. नकाशात रंग तोच आहे. जमीन परत शेतीची करता येईल का, असे मी विचारले. उत्तर आले की सदर क्षेत्रात लागवड नसल्याने विचार करता येत नाही.

तू वेताची पाटी घेऊन एकटीच जायला लागलीस. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की बांधाच्या खिंडारापाशी, चिखल उपसून त्यात भरायचा. भरती येऊन अर्धा घेऊन जायची. मग शालू यायला लागली, मग आणखी बायका. रखवालदार हाकलायचा, सरकारी जागेत अतिक्रमण म्हणून. तुम्ही दोन दिवस थांबायचात आणि पुन्हा जायचात. मी घरात बसून अर्ज लिहीत होते. तू येता-जाता खिडकीतून डोकावायचीस, चिखलाने भरलेली.

"बाय, कागद सोड. पाटी घी."

"माझे गुडघे चालत नाहीत, भागी."

"माझे काय सायबाकडसून इलेत?"

मी पुढची ओळ लिहीत असे.

शेवटच्या तापात तू पाच दिवस होतीस. चौथ्या दिवशी दुपारी मी तुझ्या उशाशी बसले होते. तू डोळे उघडलेस आणि माझे तेच मनगट धरलेस. म्हणालीस, "मी तुका त्या दिसा धरून ठेवलंय. तू गेली असतंस तर त्येंका माणूस दिसला असता. सगळ्यांची शेती माझ्यामुळे गेली."

भागी, मला तेव्हाच सांगायचे होते. तुझ्यामुळे नाही. तुझा शब्द मी पत्रात घातला असता तर आपण कुठे आहोत आणि कधी परत येणार, हे त्यांना ठाऊक असते. कणकवलीचा तो साहेब आजोळी पळणीला गेलेला माणूस होता, फाइल त्याच्यापुढे गेली तेव्हा त्याला ते एका ओळीत कळले असते. मला तुझ्या देवाची लाज वाटली, म्हणजे तुझीच लाज वाटली. हे सगळे माझ्या ओठांपर्यंत आले. मी म्हणाले, "झोप आता, बोलू नको." दुसऱ्या दिवशी तू गेलीस, माझा दोष आपल्या डोक्यावर घेऊन.

पण माझी लाज आणि त्यांचे काम या दोन गोष्टी मी एकीत मिसळू देणार नाही. ते पत्र सरळ लिहिले असते तरी नकाशा आधीच रंगवून झाला होता आणि ती इंग्रजी ओळ पुस्तकात होतीच. माझ्या लाजेने त्यांचे काम सोपे केले. काम त्यांनी केले. ज्यांनी गाव पाहिला नाही, भात पाहिले नाही, कांदळ पाहिले ते कुऱ्हाडीपुरते, त्यांनी केले, आणि त्यातल्या एकाचाही त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नसेल असे मला वाटत नाही. मी त्यांना क्षमा करत नाही. तू मला करावीस असेही मागत नाही.

काल पंगत उठल्यावर मी शालूला सगळे सांगितले. ती मागच्या दारी भांडी घासत होती. मी उभ्या उभ्या सांगितले, तिने हात न थांबवता ऐकले. मग हात थांबले.

"तिका कित्याक सांगलंस नाय?"

मी घासलेले एक ताट उचलून पालथे घातले.

"दोन वर्सां ती माझ्याकडे बघून ह्याच म्हणत होती. मी बायेक धरून ठेवलंय, मी बायेक धरून ठेवलंय. जेवताना, बांधार, खंयय. आणि तू रोज तिच्या हातचो चाय पीत होतंस." ती पुन्हा भांड्यांकडे वळली. "जा आता घराक."

मी आले. रस्त्यात कोणी भेटले नाही, बरे झाले.

आज सकाळी मात्र तिची मुलगी दारात आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आवशीन सांगल्यान, धा वाजता सुकती आसा. पाटी घेवन ये."

मी गेले. चिखल कोमट असतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते. पाय आत गेला की तो सोडत नाही, काढायला दुसऱ्या कोणाचा खांदा लागतो. मी धरला तो शालूचा खांदा. ती माझ्याशी बोलली नाही, पण हललीही नाही. माझी पाटी बायका अर्धीच भरत होत्या, आणि तरी ती पुढच्या बाईच्या हातात देईपर्यंत मला धाप लागत होती.

अकराच्या सुमारास रखवालदार आला. हातात वही होती. बांधाच्या तुटक्या टोकावर उभा राहून त्याने आवाज चढवला. ही जमीन सरकारची, इथे शेती नाही, इथे कोणी राहत नाही, तसा कागद आहे त्याच्याकडे. निघा सगळ्या.

शालूने पाटी डोक्यावर घेतली होती. ती तशीच त्याच्याकडे वळली.

"हय कोणच नाय ना? मगे तू हाकलतंस कोणाक?"

बायका हसल्या नाहीत. त्या नुसत्या थांबल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्याने वही उघडली आणि नावे विचारायला लागला. पहिले नाव मी सांगितले. तो चुकीचे लिहू लागला म्हणून वही घेऊन मीच लिहून दिले, आणि खाली बाकीच्यांचीही. ती नावे तो कुठे पाठवणार असेल तिथे पाठवो.

खिंडार अजून पाऊणाहून जास्त उघडे आहे. पौर्णिमेच्या उधाणापर्यंत नऊ-दहा दिवस हातात आहेत. माझे गुडघे सुजले आहेत आणि तुझ्यावर मला राग येतो आहे, इतकी घाई कशाला केलीस म्हणून. उद्या सुकती पावणेअकराला आहे.